वस्तादांचा फेर

दुपारचं जेवण झालं की छावणीत सगळे आडवे व्हायचे. जालन्याचं ऊन, वर पत्रा, पोटात भाकरी आणि डाळ, आणि पहाटेपासून परेड करून पायांत गोळे आलेले. अशा वेळी ज्याचा डोळा लागत नसे असा माणूस आमच्या बराकीत एकच होता. आम्ही त्यांना वस्ताद म्हणायचो. बूट खाटेखाली सरकवून ते अनवाणी बाहेर पडत आणि लंगरच्या, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या, मागं कडुलिंबाखाली जात. तिथं खराटा घेऊन आधी जागा झाडत. काड्या वेचत, खडे बाजूला करत, ओंजळीनं पाणी शिंपडून माती बसवत. मग मधोमध उभं राहून डोळे मिटत आणि सुरू करत.

काय सुरू केलं हे नव्या माणसाला कळत नसे. हातात काहीच नसायचं. उजवा हात कोपरापासून ताठ पुढं काढलेला, जणू त्याच्यावर काही चढवलेलं आहे. मग तो हात फिरायला लागे. डोक्यावरून, काखेखालून, पाठीमागून. पाय मातीवरून असे सरकत की आवाज म्हणून होत नसे. बघता बघता माणूस गोल फिरून पुन्हा जागेवर आलेला असे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ऊन लागलं बिचाऱ्याला.

"दांडपट्टा हाय हा," त्यांनी मला सांगितलं. "दिसून न्हाई राह्यला म्हणून काय झालं? हाताला ठाव हाय."

मी अंबड तालुक्यातल्या एका कोरडवाहू खेड्यातला. चौथीपर्यंत उर्दू शाळा शिकलेला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, निजाम सरकारच्या पलटणीत भरती चालू होती. बंदूक जवळून बघायला मिळेल एवढ्याच हौसेनं मी रंगरूट झालो. वस्ताद माझ्याच तुकडीत, पण आमच्यापेक्षा बरेच मोठे. भरतीच्या वेळी त्यांनी वय कमी करून सांगितलं होतं, हे त्यांच्या मिशीकडं बघून कुणालाही कळलं असतं. शहागडचे राहणारे, जातीनं धनगर. घरी मेंढरं होती, थोडी जमीनही होती. गोदावरीच्या काठानं मेंढरं चारता चारता त्यांना एक गुरू भेटला. गावातले एक म्हातारे मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचा नदीच्या ओल्या वाळूत पट्टा शिकवायचे. वाळूतच का, तर पाय खोटं बोलत नाही म्हणून. फेर पुरा झाला की चाचा शिष्याला बाजूला करून वाळूवरची पावलं बघत. शेवटचं पाऊल पहिल्या पावलात बरोबर पडलेलं असलं तर मान हलवत. नसलं तर पायानं सगळं पुसून टाकत आणि काही न बोलता घरी निघून जात.

चाचांकडं हा एक फेर होता, तो दुसऱ्या कुठल्या तालमीत नव्हता. शिकणारे हळूहळू गळाले. कुणी मुंबईला गिरणीत गेला, कुणाचं लग्न झालं, कुणाला कंटाळा आला. चाचा वारले तेव्हा फेर येणारा एकटा हा माणूस उरला होता.

"मंग तो घेऊन तुम्ही पलटणीत काहून आले?" मी विचारलं.

"ऐकलं व्हतं, पलटणीत तलवार शिकवतात. म्हटलं, पट्टा येतो, तलवारीचा हात बघून घ्यावा. हितं येऊन पाह्यलं तर तलवार फकस्त कर्नल सायबाच्या कमरंला. आन् ती बी म्यानात गंजलेली." मग म्हणाले, "आता सही झाली, अंगठा झाला. परत जाता येत न्हाई."

एवढ्यासाठी फौजेत आलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

वस्ताद हे नावसुद्धा त्यांना सुखानं लाभलं नाही. कवायत शिकवणाऱ्या हवालदाराला फौजेत उस्ताद म्हणतात. आमचे उस्ताद जुन्या जालन्यातले, उंच, वाळलेल्या बाभळीसारखे ताठ. दाढी बारीक कातरलेली. बोलायचे दख्खनीत आणि कायम ओरडूनच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुणाच्या तरी तोंडून "ओ वस्ताद" अशी हाक ऐकली.

"कौन किसकू उस्ताद बोला?"

उस्तादांनी सगळ्या ओळीवरून नजर फिरवली.

"एक छावनी में दो उस्ताद नक्को. समझे क्या? ये रंगरूट है. इसकू रंगरूट बोलो."

"बराबर हाय उस्तादजी," वस्ताद मोकळेपणानं म्हणाले. "मी न्हाईच वस्ताद. माझे वस्ताद शहागडला गेले, तिथंच माती झाली त्यांची."

उस्तादांना हे उर्मट वाटलं. वस्तादांच्या मनात तसलं काही नव्हतं, त्यांना खरंच ते बरोबर वाटलं होतं. त्या दिवसापासून दोघांचं जमेनासं झालं. म्हणजे उस्तादांचं जमेना. वस्तादांना कुणाशी भांडण असतं हेच माहीत नव्हतं.

भांडणाचं मूळ पायांत होतं. कवायतीत टाच आपटली पाहिजे, सगळ्यांची एकदम, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी. वस्तादांच्या बुटांचा आवाजच येत नसे. चाचांनी वर्षानुवर्षं सांगितलेलं, पावलाचा आवाज झाला म्हणजे समोरच्याला तू कुठं आहेस ते कळलं. ते त्यांच्या हाडात मुरलेलं. आमच्या ओळीतून धाड धाड आवाज जायचा आणि मध्येच एका जागी पोकळी पडायची. उस्ताद डोळे मिटून ऐकत आणि बरोबर त्यांच्यासमोर येऊन उभे राहत.

"आवाज किधर है?"

"केला न्हाई, उस्तादजी."

"कायकू नै किया?"

"कुणाला कळाया नको म्हणून."

यावर सगळी ओळ हसली आणि सगळ्या ओळीला मैदानाला चक्कर मारायची शिक्षा झाली.

संगिनीच्या शिक्षणात तर कहर झाला. भुसा भरलेली पोती दोरीनं टांगलेली असत. पळत जायचं, ओरडायचं आणि संगीन खुपसायची. वस्तादांची पाळी आली. ते पळत गेले, पोत्यापाशी थबकले, झटकन डावीकडं सरकले आणि मग बाजूनं अलगद संगीन लावून परत आले. ओरडले तर नाहीतच.

"ये क्या था?" उस्ताद.

"आधी त्याचा वार चुकवला."

"पोता क्या वार करेगा तेरे कू?"

"दुश्मन म्हणून टांगलंय ना, उस्तादजी? मंग वार करणारच की."

शिक्षा म्हणून त्यांना लंगरमध्ये कांदे चिरायला पाठवलं. संध्याकाळी मी तिथं गेलो तर हे डोळ्यांतून पाणी गाळत, पण खुशीत. सुरी मनगटातून कशी वळते ते बघत होते. स्वयंपाकी मला म्हणाला, "याला शिक्षा देऊन काही फायदा न्हाई. याला जे देताल त्याचा हा रियाज करतो." आणि ते खरंच होतं. बंदूक डोक्यावर धरून पळायला लावलं तर ते खांद्याची ताकद वाढली म्हणायचे. उन्हात उभं केलं तर पवित्रा घेऊन उभे राहायचे. बाहेरून कुणाला कळू नये इतका बारीक, गुडघे जरासे सैल सोडलेले. उस्तादांना मात्र कळायचं.

माणूस बघितला की त्याचं तोंड बघायच्या आधी वस्ताद पाय बघत. मला एकदा म्हणाले, "तू उजव्या पायावर जगून राह्यला. डाव्याला कधी इचारतच न्हाईस." मी आजही उभा राहिलो की ते आठवून डाव्या पायावर भार टाकतो. स्वयंपाक्याचं वजन टाचेवर आहे, म्हणून तो रागीट आहे, असं त्यांचं मत होतं. कर्नल साहेबांबद्दल म्हणायचे, "बसून बसून उभं राह्यचं इसरला बिचारा." एकदा मी उस्तादांबद्दल विचारलं. ते विचार करत राहिले.

"त्या माणसाचे पाय लै सरळ हायेत," शेवटी म्हणाले. "इतके सरळ पाय असलेला माणूस एकटा असतो."

खरंही असेल. उस्तादांच्या घरी बायको आणि म्हातारी आई होती, मूलबाळ नव्हतं. छावणीत ते कुणाबरोबर जेवत नसत.

कवायतीतली एक गोष्ट उस्तादांनी आमच्याकडून सगळ्यात जास्त घोटून घेतली, ती म्हणजे मागं वळणं. हुकूम आला की टाचेवर गर्रकन फिरायचं आणि दुसरा पाय आणून आपटायचा. वस्तादांचं हेच बिघडायचं. चाचांच्या फेरातही पाठ फिरवायची एक जागा होती, पण तिथं डावा पाय उजव्याच्या मागून जायचा, गुडघा खाली बसायचा आणि माणूस जमिनीलगत फिरून वर यायचा. वस्तादांना वळ म्हटलं की तसंच वळायला होई. उस्ताद त्यांना संध्याकाळी एकट्याला थांबवून घेत. मैदानात दोघंच. एकाचा हुकूम आणि दुसऱ्याचं वळणं. पुन्हा हुकूम, पुन्हा वळणं. आम्ही बराकीच्या पायरीवर बसून बघायचो. कुणीच चिडायचं नाही, कुणीच थकायचं नाही. हळूहळू वस्तादांच्या टाचेतून आवाज यायला लागला.

मग हैदराबादहून कुणी बडे अंमलदार पलटण बघायला येणार असं कळलं. परेडनंतर करमणुकीचे खेळ ठेवायचे होते. कुस्ती, रस्सीखेच, गाणं. आमच्या कर्नल साहेबांच्या कानावर पट्ट्याचं गेलं होतं. त्यांनी फर्मावलं, त्या रंगरुटाचा पट्टाही होऊ द्या. जालन्यातल्या एका तालमीतून खरा पट्टा मागवला. वस्तादांनी तो हातात घेतला तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. लांब, लवलवतं पातं आणि कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा. त्यांनी खोबळ्यात हात घातला, पातं उन्हात धरलं आणि कुणीतरी घरचं माणूस भेटल्यासारखं हसले. छावणीत आल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मैदानाभोवती सगळी पलटण बसली होती. गावातूनही लोक आले होते. वस्ताद अनवाणी मध्ये गेले, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि फेर धरला.

आम्ही त्यांचा रिकामा हात रोज बघत होतो, पण पातं हातात असल्यावर ते काहीतरी वेगळंच झालं. सूं सूं असा आवाज हवेत भरला. माणूस दिसेना, त्याच्याभोवती नुसतं चकाकणारं कडं दिसायला लागलं. बडे साहेब खुर्चीतून पुढं वाकले. पाठ फिरवायची जागा आली. आणि तिथं वस्तादांची टाच टाचेला लागली. खाड! कवायतीत वळावं तसे ते ताठ वळले. वळून उभेच राहिले.

अगदी क्षणभर. मग त्यांनी हात पुन्हा चालू केला, फेर कसाबसा संपवला आणि पट्टा खाली ठेवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. बड्या साहेबांनी तर उठून शाबासकी दिली. बघणाऱ्यांना वाटलं, फौजी माणसानं मुद्दाम फौजी ढंग आणला. वस्ताद पायाखालच्या मातीकडं बघत उभे होते. शेवटचं पाऊल पहिल्या पावलापासून हातभर लांब पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लिंबाखाली गेले. मीही गेलो. ती जागा आली की टाच वाजायची. पुन्हा केलं, पुन्हा वाजली. ते सावकाश करून बघत, डोळे मिटून बघत, बसून पाय हातानं धरून बघत. जुनं वळण सापडेना.

"डावा पाय मागून जायचा ना?" मी म्हटलं. मला दिसायचं तेवढं मी सांगितलं.

"कुठवर जायचा? भार कव्हा सोडायचा? मला ठाव न्हाई रे. पायाला ठाव व्हतं." ते खाली बसले. "चाचानं दुसऱ्या कुणाला दिलं न्हाई. माझ्यापाशी ठेवलं व्हतं. मी हितं आणून हरवलं."

त्यानंतर त्यांनी लिंबाखाली जाणं सोडलं. दुपारी आमच्यासारखे खाटेवर पडून राहायला लागले, पण डोळे उघडे. परेडमध्ये त्यांच्यासारखा शिपाई नाही असं झालं. टाच अशी वाजे की कबुतरं उडत. संगीन खुपसताना ओरडत. जेवायला बोलावलं तर जेवत, हाक मारली तर ओ देत. माणूस होता, पण त्यात कुणी राहत नव्हतं. मला ते बघवत नसे.

मला वाटलं होतं उस्ताद खूश होतील. सुरुवातीला झालेही असतील. पण वस्तादांसमोर आले की ते आता ओरडत नसत. नुसते बघून पुढं जात.

एका दुपारी बराकीच्या दारात बूट वाजले. उस्ताद उभे होते. आम्ही सगळे धडपडून उठलो.

"तू," त्यांनी वस्तादांकडं बोट केलं. "बाहर आ."

मला राहवलं नाही, मी मागोमाग गेलो. उस्तादांनी मला हाकललं नाही. ते सरळ लंगरमागं लिंबाखाली गेले. जागेवर पाचोळा साठला होता. उस्तादांनी छडीनं तो बाजूला सारला.

"करता कायकू नै आजकल?"

"इसरलो, उस्तादजी."

"मेरे कू मालूम है भूल गया. उस दिन मैं भी देखा. सब ताली बजाए. मैं नै बजाया."

वस्तादांनी मान वर केली.

"वो खिडकी देख," उस्तादांनी लंगरच्या मागच्या खिडकीकडं छडी केली. "पैले दिन तेरे कू पकडने आया था मैं. बोला, चोरी से क्या करता, देखूंगा. फिर रोज आया. बावर्ची चाय देता था, मैं खडा रैता था. एक दिन नागा नै किया मैं."

आमच्या स्वयंपाक्यानं हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

उस्ताद खाली वाकले आणि छडीच्या टोकानं मातीत पावलं काढायला लागले. एक इथं, एक तिथं, हे आडवं, हे चवड्यावर. ज्या माणसाचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या पायांवर नजर ठेवण्यात गेला होता, त्याला ती पावलं जशीच्या तशी आठवत होती. मग त्यांनी छडी टाकली आणि स्वतः त्या खुणांवर चालून दाखवायला लागले. वळणाच्या जागी डावा पाय मागं नेला, गुडघा खाली घेतला आणि तोल जाऊन हातावर पडले.

मी हसू दाबलं. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी उस्तादांना हात दिला आणि म्हणाले, "बूट काढा, उस्तादजी. बुटात न्हाई व्हायचं."

उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं, मग बराकीकडं पाहिलं. मग लिंबाच्या बुंध्याला टेकून बसले आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. त्यांचे पाय गोरे आणि नाजूक होते, बायकांसारखे. छावणीत ते कुणी कधी पाहिले नव्हते.

"मैंच भरा तेरे पाँव में," ते उभे राहत म्हणाले, "मैंच निकालूंगा. चल."

पुढं कितीतरी दुपारी हे चाललं. उस्ताद त्यांना ज्या चिकाटीनं कवायत शिकवायचे त्याच चिकाटीनं कवायत विसरायला शिकवत होते. "टाच नै. फिर टाच. हौ, गुडगा छोड. छोड रे, गिर जा, गिरने से नै मरता." आणि एका दुपारी वस्ताद फिरले ते जमिनीलगत फिरले, पाण्यात भोवरा फिरावा तसे, आणि आवाज न करता वर आले. फेर पुरा झाला. तिघांनी खाली पाहिलं. पाऊल पावलात होतं.

वस्ताद वाकून उस्तादांच्या पाया पडायला गेले. उस्ताद दोन पावलं मागं सरले. "फौज में पाँव नै पडते. सलूट मार."

अनवाणी पायांची टाच वाजवून वस्तादांनी सलाम ठोकला. उस्तादांनी तो घेतला आणि बूट हातात घेऊन लंगरकडं चालू लागले.

त्यानंतर दोन्ही गोष्टी नीट चालल्या. वस्ताद म्हणत, "सकाळचे पाय सरकारचे, दुपारचे चाचाचे. त्यांची गाठ पडू द्यायची न्हाई, बस." उस्ताद मैदानात त्यांच्यावर पूर्वीसारखेच ओरडायला लागले आणि वस्ताद पूर्वीसारखेच उत्तरं द्यायला लागले. दुपारी मात्र उस्ताद खिडकीत उभे न राहता लिंबाखाली दगडावर बसत. बोलत फारसं नसत.

शिक्षण संपलं, आम्ही शिपाई झालो. वस्ताद त्या पलटणीत अखेरपर्यंत साधे शिपाईच राहिले. नंतरच्या काळात मी त्यांना शहागडला जाऊन भेटत असे. शेत भावाकडं, मेंढरं पुतण्याकडं आणि हे नदीच्या वाळूत. शिकायला येणारे थोडे असत, पण असत. लग्न त्यांनी उशिरा केलं. बायको खमकी होती, ती म्हणायची, "हे घरात बी असे चालतात की मांजर आलं का माणूस ते कळत न्हाई." म्हातारपणी गुडघे गेले तेव्हा ते खाटेवर बसून नुसत्या बोटांनी फेर करत. झोपेत गेले, असं मला कळलं. पण या सगळ्याच्या आधीची एक सकाळ सांगायची आहे, कारण वस्ताद म्हटलं की मला तीच आधी आठवते.

अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि निजामी राज्य संपलं. आमच्या पलटणीनं बंदुका जमा केल्या. आधीचे काही महिने खेड्यापाड्यांत रझाकारांनी लोकांना छळलं होतं, लोकांच्या मनात संताप होता. आता तो ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्या दारांवरही जाऊन आदळत होता. आम्हाला घरी जायची मोकळीक मिळाली. मी गाठोडं बांधलं. वस्तादही माझ्याबरोबर निघाले, अंबडपर्यंत वाट एकच होती. पण छावणीच्या फाटकाबाहेर ते उलट्या दिशेला वळले.

"इकडं कुठं?"

"उस्तादाकडं जाऊन येतो."

उस्ताद तोवर नोकरीतून मोकळे झाले होते, कुंडलिका नदीपलीकडं जुन्या गावात राहत. मी बरोबर गेलो. दार बंद होतं. वस्तादांनी कडी वाजवली नाही. कुणाच्या तरी कुंपणातली एक काठी उपसून घेतली होती, ती आडवी मांडीवर ठेवून ओट्यावर बसले. मी शेजारी बसलो. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठताही येत नव्हतं.

ऊन गल्लीत उतरलं तेव्हा लोक आले. बरेच होते. हातात काठ्या, कुऱ्हाडी. काही बाहेरचे, काही त्याच भागातले. पुढच्यानं आम्हाला पाहिलं आणि थबकला.

"तुम्ही कोण?"

"शहागडचा धनगर," वस्ताद म्हणाले.

"हे घर निजामाच्या हवालदाराचं हाय ना?"

"हाय."

"मंग बाजूला व्हा."

वस्ताद उठले. काठी टेकवून सरळ उभे राहिले. पवित्रा घेतलेला नव्हता. मला त्यांचे पाय दिसत होते, दोन्ही पायांवर सारखा भार.

"आत माझा गुरू हाय," ते म्हणाले.

"मुसलमान?"

"दोन गुरू केले. दोन्ही मुसलमानच निघाले, काय करू? पैल्यानं इद्या दिली. ती मी हरवून बसलो व्हतो, ह्यानं हुडकून दिली. ह्याच्या घरात तुम्हाला जायाचं आसंल तर जा. मी आडवा येणार. उगंच फसवायचं न्हाई, म्हणून आधीच सांगून ठेवतो."

ते धमकी देत नव्हते. संगिनीच्या पोत्याबद्दल बोलायचे त्याच आवाजात बोलत होते. मागून एक जाडजूड मनुष्य पुढं आला, कान मुरडलेला, कुस्ती खेळलेला असावा. त्यानं वस्तादांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल गड्या. गुरूचं दार हाय हे."

"आरं पण..."

"चल म्हणतो ना."

ते लगेच गेले नाहीत. थोडी कुजबुज झाली, कुणीतरी शिवी दिली, एक दगड येऊन दाराला लागला. पण गेले. पुढं कुठं गेले ते मला माहीत नाही. गल्ली मोकळी झाली.

"वस्ताद," मी म्हटलं, "ते अंगावर आले असते तर?"

"तर काठी फिरवली असती." ते हळूच ओट्यावर बसले. "तुला एक सांगू का? आजपातूर ह्या हातानं कुणाला मारलं न्हाई. एकाला बी न्हाई. येळच आली न्हाई. चाचानं बी कधी मारलं नसंल. लागतं कसं, ते मला ठावच न्हाई."

तेव्हा मी पाहिलं, त्यांचा उजवा हात थरथरत होता. ते तो डाव्या हातानं दाबून धरायला बघत होते आणि तो राहत नव्हता. काठी मांडीवरून घरंगळून खाली पडली.

मागं दार किलकिलं झालं. उस्ताद बाहेर आले. घरातलाच साधा सदरा, डोक्याला काही नाही, दाढी वाढलेली. त्यांनी सगळं ऐकलं असणार, दाराच्या आतच उभे होते. त्यांनी गल्लीत दोन्हीकडं पाहिलं आणि वस्तादांच्या शेजारी ओट्यावर बसले. मला वाटलं, आता ओरडतील, आत चला म्हणतील.

त्यांनी वस्तादांचा तो हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, दोन्ही हातांनी मनगट धरलं आणि थरथर थांबेपर्यंत सोडलं नाही.